मेंगाणे सरांच्या घराचा उलटा ढाळ

दिवाळी अंकात माझ्या वयाच्या बायका माहेरावर लिहितात, नाहीतर अनारशांवर. मी गटारावर लिहिणार आहे. ज्यांच्या हातात चकली असेल त्यांनी ती आधी संपवावी, मग माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

मी परवानाधारक प्लंबर. आमच्या वडिलांचं सोलापुरात नव्या पेठेमागच्या एका बोळात नळ-पाइपांचं दुकान होतं. भावाला आयटीआयला घालायचं ठरलं होतं, पण त्याला पान्यापेक्षा कंगवा धरायला जास्त आवडायचं. त्याच्यासाठी आणलेला फॉर्म वाया कशाला घालवायचा, म्हणून तो मी माझ्या नावानं भरला. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "शिवणकाम पलीकडच्या इमारतीत." मी म्हटलं, "माहीत आहे. तिथला नळ गळतोय, तोच दुरुस्त करायला शिकायचंय." हे उत्तर मी तेव्हा खरंच दिलं होतं, की इतकी वर्षं सांगता सांगता तयार झालं, हे आता मलाही नक्की आठवत नाही. नातीला ते खरं वाटतं.

परवाना मिळाला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि शहाणपणाचा सगळा साठा माझ्याकडेच आहे अशी माझी समजूत होती. परवान्याला फ्रेम केली, दुकानात गल्ल्याच्या वर टांगली. त्यावर माझा फोटो होता. दर गुरुवारी मी त्या फ्रेमला झेंडूचा हार घालायची. एकदा एक गिऱ्हाईक पाव इंची वायसर घेता घेता फ्रेमकडे बघून हळहळलं, "अरेरे! कधी वारल्या?" मी समोरच उभी होते. तरी हार काही थांबला नाही.

आता जरा धंद्याचं सांगते, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. घरातलं सांडपाणी पाइपातून रस्त्याच्या चेंबरपर्यंत जातं. चेंबर म्हणजे जमिनीत बांधलेला हौद, वर झाकण. पाणी तिथंपर्यंत आपोआप जातं ते ढाळामुळे. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार हवा. कमी झाला तर मैला बसतो, उलटा झाला तर जे पाठवलं ते परत येतं. एवढंच शास्त्र आहे. बाकी फरशी कुठली, कमोड कुठल्या कंपनीचा, ही सगळी नटवानटवी.

या धंद्यात तेव्हा एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, सगळ्यांना पाठ होती. घरमालक काम देणार मिस्त्रीला. मिस्त्रीच्या हातात कसब असायचं, परवाना नसायचा. आणि कागदावर सही लागायची परवानेवाल्याची. मग मिस्त्री दुकानात यायचा, घराची मापं सांगायचा, मी टेबलावर बसून नकाशा काढायची आणि खाली सही ठोकायची. घर बघायला जायचं कशाला? उन्हात डोकं तापतं. सही सावलीत पण होते की.

माझी त्या वेळची सही बघण्यासारखी होती. 'कु. शालन बिराजदार'. शेवटच्या 'र'ला एक शेपटी, तिला तीन वेटोळी, खाली दोन टिंबं. सही करायला मला जितका वेळ लागायचा तितक्यात मिस्त्री एक सांधा भरून मोकळा झाला असता.

मिस्त्र्यांमध्ये एक होता वळसंगचा हणमंतू. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी, आणि खिशात कायम पारदर्शक नळीचं भेंडोळं. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरली की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं. त्यावरून तो ढाळ काढायचा. मला त्या नळीचं हसू यायचं. माझ्याकडे पुस्तक होतं.

एकदा एप्रिलच्या भर दुपारी तो दुकानात आला. अक्कलकोट रोडकडच्या एका नव्या कॉलनीतलं काम होतं, आणि मी काढून दिलेला नकाशा त्याच्या हातात होता.

"अक्का, ह्यो काय बसंना. रस्त्याचं चेंबर लई वर हाय. खाली काळा दगड लागलाय, तेनी खोल खांदलंच न्हाय. ढाळ कुटनं आनू?"

"मिस्त्री, रस्त्याचं चेंबर चार फूट खोल असतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकातल्या रस्त्यावर न्हाय वो ते घर."

"मग?"

"मागच्या बोळात चेंबर खोल हाय. लाइन तिकडं काढू. तुमी येक डाव येऊन बघा की."

मला त्या दिवशी मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं. नखांना नुकताच रंग लावला होता, तो वाळत होता. मी बोटं पसरून, फुंकर घालत विचारलं, "परवाना कुणाकडे आहे?"

हणमंतूनं मान वर केली आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. माझ्याकडे नाही, फोटोकडे.

मला राग आला. म्हटलं, "नकाशाप्रमाणे टाकणार असाल तर सही देते. नाहीतर दुसरा परवानेवाला बघा." घरमालकाची वास्तुशांत तोंडावर आलेली होती. मालक त्याच्या मागे लागलेला असणार. हणमंतूनं नळी खिशात कोंबली आणि कागद पुढे केला. मी तीन वेटोळी काढली, दोन टिंबं दिली आणि हळदीला गेले. तिथं जिलेबी फार छान होती, ती मात्र नीट आठवते.

त्यानंतर हणमंतू दुकानात यायचा बंद झाला. मी वडिलांना सांगितलं, "फुगला असेल."

पुढं माझं लग्न झालं, बिराजदारची उंबरजे झाले, परवाना नव्या नावानं करून घेतला, सहीची शेपटी संसारात गळून पडली. हळूहळू मी प्रत्यक्ष कामावर जायला लागले, कारण घरी बसून टेबलावर सह्या करण्यापेक्षा सासूबाईंपासून लांब चिखलात उभं राहणं सोयीचं होतं. चिखलातच काय ते शिकले. माणसंही तिथंच कळली. एका बंगलेवाल्यानं मला सुनावलं होतं, "मशीन कशाला? एक माणूस उतरवा चेंबरात, दहा मिनिटांत होईल." मी म्हटलं, "आत विषारी वायू असतो, माणूस मरतो, आणि माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे. तरी तुमचीच हौस असेल तर तुमचा बनियनचा नंबर सांगा, दोर बांधते." काम गेलं. त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. ज्याचं वाटलं पाहिजे ते वेगळंच होतं, आणि ते मला अडतीस वर्षांनी कळलं.

मागच्या वर्षी मेंगाणे सरांचा फोन आला. सर निवृत्त शिक्षक, त्यांच्या कॉलनीचे सेक्रेटरी. म्हणाले, घरातली ड्रेनेज लाइन वारंवार तुंबते, तपासणी करून लेखी अहवाल हवा, पण माणूस प्रमाणित पाहिजे. मी आणि रफिक गेलो. रफिक माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहे, आता त्याचीही दाढी पांढरी झाली.

सरांनी आम्हाला आत घेतलंच नाही. व्हरांड्यात उभं करून खिशातून मोबाइल काढला. मुलगा परदेशात, त्यानं प्रमाणित ठेकेदार नेमण्याआधी विचारायच्या आठ प्रश्नांची यादी पाठवली होती. तोंडी परीक्षा सुरू झाली.

"परवाना?"

दाखवला.

"मुदत संपलेली नाही ना?"

"परवान्याची नाही. माझी संपत आलीय."

सर हसले नाहीत. पुढचे प्रश्न आले. कामगारांचा विमा आहे का, कॅमेरा आहे का, आधीची कामं कुठली, अंदाजपत्रक लेखी देता का, कामाची हमी देता का, अहवालावर स्वतः सही करता का. या शेवटच्या प्रश्नाला मी छाती पुढे काढून "म्हणजे काय!" असं म्हटलं. देव वरून बघत असेल तर त्यानं तेव्हा तोंडाला पदर लावला असेल.

आमचा कॅमेरा म्हणजे लांब, ताठ केबलच्या टोकाला बसवलेला एक डोळा. पाइपात सरकवायचा आणि बाहेर पडद्यावर बघायचं. बघायला सर होतेच, पण त्यांच्या मागे पदर खोचून वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला काय दाखवता? अडतीस वर्षं बघतेय. पाऊस पडला की मोरीतून वर येतं. लेकीच्या डोहाळजेवणाला आलं, सासऱ्यांच्या तेराव्याला आलं. आमच्याकडे पाहुण्यांआधी तेच येतं."

कॅमेरा पंचवीस फूट छान गेला. जुने चिनी मातीचे पाइप, पण सांधे असे भरलेले की मी तोंडभरून म्हटलं, "काय हात आहे!" आणि मग डोळा पाण्याखाली गेला. पुढचे आठ-नऊ फूट लाइन चक्क वर चढत होती. रस्त्याचं चेंबर उघडलं. जेमतेम अडीच फूट खोल. तळाशी काळा दगड.

"उलटा ढाळ," मी म्हटलं.

"माहीतच होतं मला!" सरांचा चेहरा असा उजळला की जणू अडतीस वर्षांनी कुणी त्यांचा पेपर बरोबर तपासला. "तो मिस्त्री चोर होता. हणमंतू नावाचा. ढाळ खाल्ला त्यानं. मी कॉलनीत एकेकाला सांगितलं, ह्याला उभा करू नका. बारा घरं बांधायची होती तेव्हा इथं, एकही मिळू दिलं नाही त्याला."

'हणमंतू' हे नाव ऐकून माझ्या डोक्यात काही वाजायला हवं होतं. वाजलं नाही. सोलापुरात हणमंतू काय कमी आहेत? शिवाय मी तेव्हा भाषणाच्या रंगात आले होते.

"मिस्त्रीला काय बोलता सर," मी म्हटलं, "सांधे बघा त्याचे. गाढव तो आहे ज्यानं जागेवर न येता नकाशा काढला. आणि त्याहून मोठं गाढव म्हणजे ज्यानं त्यावर डोळे मिटून सही केली. असल्यांचे परवाने काढून घेतले पाहिजेत, आणि त्यांना आठ दिवस ह्याच मोरीत बसवलं पाहिजे."

सर खूश होऊन आत गेले आणि फाइल घेऊन आले. शिक्षकच तो, कागद टाकणार कसा? अडतीस वर्षांचा नकाशा, घडीवर जराही फाटलेला नाही. खाली उजव्या कोपऱ्यात शेपटी. तीन वेटोळी. दोन टिंबं.

मी ते घर आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि त्याच्या मोरीत जे वर येत होतं ते माझं होतं.

रफिकनं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. खोकला. हळूच म्हणाला, "आपा, ये शेपटी तो मेरे कू जानी-पैचानी लगरी."

"कोण ही बिराजदार, ओळखता का?" सरांनी विचारलं. "असेल कुणीतरी दुकानदाराची पोर. तिचं जाऊ द्या. तुम्ही अहवालात एवढंच लिहा, की मिस्त्रीनं ढाळ चुकवला. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. सगळ्या कॉलनीची लाइन बदलायचीय आणि त्या हणमंतूचा मुलगा सिद्राम काम मागतोय. शिकलाय म्हणे, परवाना आहे म्हणे. पण रक्तातच उलटा ढाळ, त्याला काय करणार? तुमचा कागद वाचून दाखवला की विषय संपला."

वाचकहो, मी साधुसंत नाही. मी तेव्हा काय विचार केला ते सांगते. नाव बदललंय, सही बदललीय, तोंडही इतकं बदललंय की आरशालाही विचारून घ्यावं लागतं. 'ढाळ चुकलेला आहे' एवढं लिहिलं तर ते खोटंही नव्हतं. कोण चुकलं ते लिहायलाच पाहिजे असं आठ प्रश्नांत कुठं होतं? मी पेनाचं टोपणही काढलं.

"आपा," रफिक म्हणाला, "पैले चाय पिओ. फिर लिखो."

वहिनींनी चहा आणला. मी विचारलं, "वहिनी, तो मिस्त्री तेव्हा काही बोलला होता का हो?"

"बोलला होता की. दोनदा बोलला. मागच्या बोळात काढू म्हणाला. हे म्हणाले, परवानेवाल्या बाईनं नकाशा दिलाय, तिच्यापुढं तू कोण?"

सर चहात बघायला लागले.

मी अहवाल लिहिला. 'लाइनीचे सांधे उत्तम. ढाळ उलटा. मिस्त्रीनं काम सुरू होण्याआधी हे लक्षात आणून दिलं होतं आणि जागेवर येऊन बघण्याची विनंती केली होती. परवानाधारक आली नाही. तिला हळदीला जायचं होतं. चूक पूर्णपणे परवानाधारकाची.' खाली सही केली, 'शालन उंबरजे, पूर्वाश्रमीची कु. शालन बिराजदार', आणि कागद सरांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा लावून वाचला. काढून वाचला. मग म्हणाले, "हळदीचं लिहायलाच हवं होतं का?"

"तेच तर कारण आहे, सर."

वहिनी त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. त्या हसण्यात अडतीस वर्षांच्या बादल्या होत्या, त्यामुळे मला काही हसता आलं नाही.

रविवारी मीटिंगमध्ये सरांनी अहवाल वाचला. वहिनींनी फोनवर सांगितलं, की 'मिस्त्रीनं लक्षात आणून दिलं होतं' हे वाक्य सरांनी एवढ्या हळू वाचलं की मागच्या रांगेतून वहिनींनाच "मोठ्यानं!" असं ओरडावं लागलं. काम सिद्रामला मिळालं. पण सिद्राम माझ्याकडे आला तो पेढे घेऊन नाही, निरोप घेऊन. म्हणाला, "पहिलं घर मेंगाणे सरांचंच धरलंय. आमचे अण्णा म्हनत्यात, त्या घराची लेवल मीच काढनार. पर बोलवायला अक्कांनी सोता यावं."

वळसंगला गेले. हणमंतू दारात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. केस गेलेले, हात तेच. मला सिद्रामनं वाटेत सांगितलं होतं, की कॉलनीतली घरं गेल्यावर हणमंतूनं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गाठोडी उचलली, चौदा वर्षं. सांधे भरायचा तो हात, आणि गाठोडी.

"कोन हाय?"

"मी शालन. बिराजदारांच्या दुकानातली."

"परवानावाली?"

"व्हय."

"बसा की." त्यानं बाजेवर जागा केली. "हार घालतासा का अजून फोटोला?"

मी वाटेत चांगली पाठ केलेली माफी काढली. दोन वाक्यं झाली असतील, त्यानं शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं.

"माफी घेऊन काय करू, अक्का? लोनच्यात घालू? येऊन बघनार का, तेवडं सांगा."

"येणार."

"उनात?"

"उनात."

"नखाला रंग न्हाय ना लावलेला?"

त्याला ते आठवत होतं. मला वाटत होतं ते फक्त मलाच आठवतंय.

आजकाल लोक मला विचारतात, बाई, चांगला ठेकेदार कसा ओळखायचा? ते आठ प्रश्न चांगलेच आहेत, विचारा. परवाना बघा, विमा बघा, कॅमेरा बघा. पण माझ्यासारखी परवानेवाली त्या आठही प्रश्नांत पहिल्या नंबरानं पास झाली होती. म्हणून नववा विचारा: सही करण्याआधी तुम्ही स्वतः येऊन बघणार का? त्यानं बोटांवर फुंकर घातली तर दार लावून घ्या.

एप्रिलच्याच दुपारी आम्ही मेंगाणे सरांच्या दारात जमलो. सिद्रामकडे लेझरचं यंत्र होतं, त्यावर लाल ठिपका बिपका येतो. हणमंतूनं ते बाजूला ठेवायला लावलं आणि खिशातून नळी काढली. नवी होती, जुनी कधीच कडक होऊन फुटली असणार. एक टोक स्वतः घेऊन तो मोरीच्या चेंबरापाशी बसला, दुसरं माझ्या हातात दिलं.

"रस्त्याच्या चेंबरापाशी जावा. हलू नका. पानी ठरू द्या."

मी गेले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रफिकनं छत्री धरायला बघितली, तर हणमंतू तिकडून ओरडला, "छत्री नगं!" सर खिडकीतून बघत होते. वहिनी उंबऱ्यावर, पदर तोंडाला.

नळीतलं पाणी वर-खाली झालं, थरथरलं, मग थांबलं. तिथून चेंबराच्या तळापर्यंत मोजायचं. हणमंतूनं त्याचा आकडा सांगितला. मी टेप सोडून माझा बघितला. माझा कमी होता, चांगला वीतभर. म्हणजे रस्त्याचा तळ घराच्या तळाहून वर. अडतीस वर्षांपूर्वी हे कळायला मला जेवढा वेळ लागला असता तेवढाच आज लागला. पाच मिनिटं.

मग आम्ही मागच्या बोळात गेलो. तिथं आकडा मोठा आला, दोन फुटांनी मोठा. ढाळच ढाळ. सिद्रामनं नव्या लाइनीचा नकाशा तिथंच भिंतीला लावून काढला आणि माझ्यापुढे धरला. आता त्याच्याकडे स्वतःचा परवाना होता, माझ्या सहीची त्याला काही गरज नव्हती. मी तसं म्हटलं.

"तेला न्हाय," हणमंतू नळी गुंडाळत म्हणाला, "मला हाय. बघितलं ना?"

"बघितलं."

"मंग करा सई."

कागद भिंतीवर टेकवून मी सही केली. शेपटी न काढता. हणमंतूनं कागद हातात घेतला, लांब धरून बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, "टिंबं ऱ्हायली की."